हाडं आमची, भाडंही आमचंच



गोदीच्या गेटासमोर चहाच्या टपरीवर एक कागद चिकटवलाय. वेल्डर, पाइप फिटर पाहिजेत, परदेशी, राहणं-खाणं कंपनीचं. आमच्या चाळीतला एक पोरगा, आयटीआय झालेला, रोज तो कागद वाचतो. त्याच्या आईनं डोरलं गहाण टाकायची तयारी केलीय. म्हणून या अंकाचं संपादकीय कवितेवर नाही. कविता थांबेल.

अमेरिकेतलं सांगतो. २९ ऑगस्ट २००५ला कतरिना वादळ आलं, बांध फुटले, न्यू ऑर्लिन्स शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. छपरावर अडकलेले बहुतेक काळे आणि गरीब. त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, आपली मुंबई बुडाली होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. गाळ कुणी उपसला, हे तुमच्या बापाला विचारा. माझ्यानं मला सांगितलंय.

तिकडं पाणी ओसरलं आणि शहर उभं करायला मेक्सिको, होंडुरासचे मजूर आले. बुरशीनं काळ्या पडलेल्या भिंती फोडायच्या, कित्येकांच्या तोंडाला साधं फडकं नाही. झोपायला मोटार, तंबू, नाहीतर तेच पडकं घर. प्रेतं अजून काढून झाली नव्हती, तेवढ्यात ८ सप्टेंबरला बुशनं सरकारी कामावरच्या मजुरीला संरक्षण देणारा कायदा त्या भागापुरता तहकूब केला. बोंब झाली तेव्हा दोन महिन्यांनी परत आणला. आणि तिथलं गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल पुरात बंद झालं, ते हॉस्पिटल म्हणून पुन्हा उघडलंच नाही.

आता आपल्याकडची माणसं. त्या वादळांनी समुद्रातले तेलाचे रिग मोडले. ते दुरुस्त करायला सिग्नल इंटरनॅशनल कंपनीनं २००६च्या अखेरीपासून सुमारे ५०० भारतीय वेल्डर-फिटर नेले, मिसिसिपी आणि टेक्सासला. भरती करणारा दलाल मुंबईचा. ग्रीन कार्डाची थाप, माणशी दहा ते वीस हजार डॉलर. लोकांनी कर्जं काढली, घरं विकली. तिथं गेल्यावर तात्पुरता व्हिसा, तोही त्याच मालकापुरता. एका खोलीत चोवीस जण, गेटावर पहारा. आणि त्या खोलीचे महिन्याला १०५० डॉलर पगारातून कापून घ्यायचे! राहणं कंपनीचं म्हणजे हे.

२००७मध्ये तोंड उघडणाऱ्यांना पकडून परत धाडायचा डाव झाला. एकानं मनगट कापून घेतलं. मार्च २००८मध्ये शंभरेक जण काम सोडून बाहेर पडले, वॉशिंग्टनला जाऊन उपोषणाला बसले. फेब्रुवारी २०१५मध्ये ज्यूरीनं पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलर द्यायला सांगितले, दलालालाही जबाबदार धरलं. मग कंपनीनं दिवाळं काढलं आणि सगळ्या दाव्यांची २ कोटींवर तडजोड झाली. जिंकले, पण आयुष्यातली किती वर्षं गेली मोजा.

गेल्या पावसाळ्यात माझं बोट पेटीखाली सापडलं. मुकादम म्हणाला, जा घरी. अर्धी हजेरी कापली साल्यानं. पण मला जायला घर होतं, चाळीत आई होती, बोट घेऊन मी माझ्या पायानं दवाखान्यात गेलो. ज्याची खाट मालकाची, त्यानं ताप आला तर सांगायचं कुणाला? सांगितलं की खाटही गेली आणि व्हिसाही. तो गप राहतो. औषध न मागणारा मजूर धडधाकट आहे असं मग कंपनीच्या कागदावर लिहिलं जातं.

पोराला मी म्हटलं, जाऊ नको असं म्हणत नाही. करार मराठीत वाचून घे. व्हिसा कुणाच्या नावानं, खोलीचं किती कापणार, हात मोडला तर दवाखान्याचं बिल कुणाचं, पासपोर्ट कुणाच्या खिशात, एजंटाचा नोंदणी क्रमांक काय. रविवारी संध्याकाळी आपल्या खोलीवर ये, सगळे मिळून वाचू.

तो म्हणाला, दादा, पैसे शुक्रवारपर्यंत भरायचेत.

आज बुधवार आहे. रविवारचं रद्द. उद्या रात्री पाळी सुटल्यावर बसतोय, ज्याला इंग्रजी करार नीट वाचता येतो त्यानं यावं.