आधी शफल बंद करा

आमच्या मजल्यावर एक अलिखित नियम आहे. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' ऐकायचा तर पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, सलग. मधलंच एखादं गाणं लावून कुणी अंघोळीला निघून गेलं तर फ्लॉइडवाले त्याच्याशी दोन दिवस बोलत नाहीत. मीही त्यातलाच. २६ ट्रॅक, जवळपास ८१ मिनिटं, आणि एका माणसानं स्वतःभोवती एकेक वीट रचत बांधलेली भिंत. वडील युद्धात गेले ही एक वीट, शाळेतले मास्तर दुसरी, अतिकाळजी करणारी आई तिसरी. शेवटी भिंत पडते आणि अगदी शेवटच्या क्षणी कुणीतरी एक वाक्य अर्धवट टाकतं. त्याचे उरलेले शब्द कुठे आहेत? पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला, हळू आवाजात. म्हणजे संपलं तिथूनच पुन्हा सुरू! १९७९ सालची ही करामत. याला म्हणायचं कॉन्सेप्ट अल्बम. गाणी सुटी नाहीत, क्रम हाच जीव.

आता माझं म्हणणं ऐका, चपला मग फेका. हाच खेळ त्याच्या २४ वर्षं आधी आपल्या पुण्यात होऊन गेलाय. नाव : गीतरामायण.

(इथे निम्मे वाचक पान उलटणार, कारण ते 'आजोबांचं' आहे. उलटा बापडे.)

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके म्हणजे बाबूजींचं. आठवड्याला एक गाणं, पुढच्या रामनवमीपर्यंत. साधा हिशोब केला तर ५२ व्हायला हवीत. पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी झाली ५६. जर्नल सबमिशनला रडणाऱ्यांनी कल्पना करावी : वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, नवी चाल, नवं पात्र. त्यात पहिल्याच गाण्याचा कागद बाबूजींकडून हरवला आणि गदिमांना ते पुन्हा लिहावं लागलं, असं सांगतात. गंमत म्हणजे त्याच एप्रिल १९५५ मध्ये तिकडे अमेरिकेत फ्रँक सिनात्राचा 'इन द वी स्मॉल अवर्स' आला. सुरुवातीच्या कॉन्सेप्ट अल्बममध्ये त्याचं नाव हमखास घेतात. आपल्याकडच्याचं कुणी घेत नाही.

घेणार कसं? आपण त्याचे तुकडे केलेत. एका रामनवमीला सकाळी दहाच्या सुमारास मी बादली आणि दोरी घ्यायला मंडईत गेलो होतो. शेजारीच तुळशीबागेतलं राममंदिर, त्यामुळे गर्दी तुफान. कुठल्यातरी लाउडस्पीकरवर सेतू बांधण्याचं गाणं जोरात चालू होतं. मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या मावशी शेजारणीला म्हणाल्या, "अगं, बाराला जन्म व्हायचाय त्याचा, आणि हे आत्ताच पूल बांधायला लागले!" मी उभ्या उभ्या हसलो. पण बोलल्या त्या शंभर टक्के बरोबर. मावशींना कॉन्सेप्ट अल्बम समजतो. लाउडस्पीकरवाल्याला समजत नाही.

याहून मोठा अन्याय होतो तो चित्रकूटावरच्या गाण्यावर. माणूस पराधीन आहे असं राम भरताला समजावतो ते. हे गाणं कुणी गेलं की लावतात, सुविचारासारखं. सुटं ऐकलं तर वाटतं, कुणी शांत माणूस तत्त्वज्ञान सांगतोय. आता क्रमानं ऐका. आधी दशरथाचं गाणं आहे, त्याच्यापुढे सगळीकडे अंधार दाटलाय. मग भरत स्वतःच्या आईला नको नको ते बोलतो. मग भरताचं सैन्य येताना बघून लक्ष्मण धनुष्य उचला म्हणतो. तीन गाणी नुसती आग. आणि मग राम यमनासारख्या शांत सुरात बोलायला लागतो. वडील गेलेत, भाऊ रडतोय, आणि हा त्याला 'नाही' म्हणतोय. ती शांतता त्याला केवढ्याला पडली असेल, हे आधीच्या तीन गाण्यांशिवाय कळतच नाही.

आणि भिंतीवाली करामत? ती तर इथे जास्त जीवघेणी आहे. पहिल्या गाण्यात, भूपात, कुश-लव रामापुढे रामायण गातात. राम आसन सोडून येतो, त्या पोरांना कवटाळतो, पण बाप-लेकांची ओळख नाही. पहिल्यांदा ऐकताना हे छान, सणासुदीचं वाटतं. मग ५० हून जास्त गाणी जातात. युद्ध होतं, राज्याभिषेक होतो, आता गोड शेवट असं वाटत असतानाच सीता रानात उभी असते आणि लक्ष्मणाला विचारते की मी जाऊ कुठे. त्यानंतर एकच गाणं, भैरवी. वाल्मीकी त्या पोरांना सांगतात, जा, रामासमोर गा. संपलं. पुढचं गाणं म्हणजे परत पहिलं. आता तेच गाणं लावून बघा. सभेत कोण बसलंय, पोरं कुणाची आणि आई कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे, सभेतल्या बापाला नाही. माझ्या तर अंगावर काटा आला होता.

माझा रूममेट कट्टर प्रोग्रेसिव्हवाला. त्याचा आक्षेप : यात रॉक कुठाय? चाली साध्या, वाद्यं मोजकी, दहा मिनिटांचा गिटार सोलो नाही. मान्य. माझीही एक तक्रार आहे. रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज होते. आपल्यापर्यंत मुख्यतः पोचली ती पुढची रेकॉर्ड, सगळी पात्रं एकट्या बाबूजींच्या गळ्यात. ते गातात अफाट, शब्द न् शब्द कळतो, पण सीतेला सीतेचा आवाज हवा होता असं मला आजही वाटतं.

तरी रूममेटनं एक अट घालून ऐकायचं कबूल केलंय : रात्री जेवणानंतर फक्त सात गाणी. सात आठे छप्पन्न, म्हणजे आठ रात्री. काल चौथी होती. शूर्पणखा येऊन गेली, सात झाली, मी प्लेअर बंद केला. तर हा अंधारातून म्हणतो, "एक अजून लाव ना."