आलेख, कान आणि 160 चौरस फूट

लॅमिंग्टन रोडवर (डॉ. भडकमकर मार्ग हे सरकारी नाव तिथे पाट्यांपुरतंच) होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला येणाऱ्या जाणकारांचे आता सरळ दोन पंथ झाले आहेत. एक म्हणतो, कान सांगेल ते खरं, बाकी आकडे कागदावर ठेवा. दुसरा मोबाइलवर आलेख उघडूनच दुकानाची पायरी चढतो. मूळ सिग्नलच्या मानाने गोंगाट आणि डिस्टॉर्शन मिळून किती डेसिबल खाली आहेत हे सांगणारा ‘सिनॅड’ हा त्याचा परवलीचा आकडा: 100 आला तर उत्तम, 80 आला तर भंगार. हे दोघे एकमेकांना अडाणी ठरवतात, पण चुकतात दोघेही एकाच जागी. मोजलेला फरक त्या घरात, त्या स्पीकरवर, माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतो का, हा हिशेब कोणीच मांडत नाही. तो मांडल्याशिवाय आलेखही मुका आणि कानही बेभरवशाचा.

आधी कानवाल्यांचा पूर्वपक्ष घेऊ. काउंटरवर दोन रिसीव्हर आलटूनपालटून वाजवले जातात आणि एक ‘जास्त मोकळा’ वाटतो. दोघांचा आवाज मीटर लावून जुळवलेला असतो का? जवळपास कधीच नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच दाखवून दिलं की आवाजाची पातळी बदलली की खर्ज आणि तार स्वर कानाला वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. एखादा डेसिबल जास्त असलेलं यंत्र ‘मोठं’ न वाटता ‘भरीव’ वाटतं, ते यामुळेच. त्यात किमतीची चिठ्ठी डोळ्यांसमोर असते. यावर नेहमीचं उत्तर असं की मोजमापात न सापडणारंही काहीतरी असतंच. या उत्तराची परीक्षा 1985 मध्येच होऊन गेली. बॉब कार्व्हर या अमेरिकी इंजिनिअरने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांसमोर आपला स्वस्तातला ट्रान्झिस्टर ॲम्प एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पशी जुळवून दाखवला. दोघांच्या आउटपुटमधला फरक मोजत जायचं आणि तो पुसत जायचं, एवढीच त्याची रीत. शेवटी त्या मुरलेल्या कानांना दोन्ही वेगळे ओळखता येईनात. मोजमापात न येणारं ‘काहीतरी’ खरंच असतं, तर ते त्या वेळी शिल्लक राहायला हवं होतं. घाईच्या चाचणीत बारकावे निसटतात, हा दुसरा आक्षेप; पण झाकून ऐकण्याच्या चाचणीला घाईची अट कोणी घातलेली नाही. महिनाभर ऐका, फक्त कुठलं यंत्र चालू आहे ते कळू देऊ नका.

कानवाले हरले म्हणून आलेखवाले जिंकले, असं मात्र होत नाही. 80 सिनॅड म्हणजे 0.01 टक्के आणि 100 म्हणजे 0.001 टक्के. मोठ्या आवाजात खर्ज वाजवताना चांगला स्पीकरसुद्धा टक्क्याच्या घरात डिस्टॉर्शन घालतो, त्यापुढे हे दोन्ही आकडे किरकोळच. मेयर आणि मोरन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या 16 बिटांचा, म्हणजे साधारण 100 सिनॅडच्या तोडीचा, टप्पा घातला होता. 554 प्रयत्नांत 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. शिवाय सिनॅड बहुधा 1 किलोहर्ट्झच्या एकाच स्वरावर, थोड्या वॅटला मोजतात. डिस्टॉर्शन दुसऱ्या हार्मोनिकचं आहे, जे मूळ स्वराखाली झाकलं जातं, की सातव्याचं, जे कानाला टोचतं, हे त्या एका आकड्यात कळत नाही. क्रमवारी लावायला सोपा म्हणून तो लोकप्रिय झाला, एवढंच.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य केला पाहिजे. खोली लहान, स्पीकर चार फुटांवर आणि त्याची संवेदनशीलता जास्त असेल, तर रात्री पंखा बंद केल्यावर ट्वीटरमधली सुस्स ऐकू येते. मेयर-मोरन यांच्या चाचणीतही आवाज फार वाढवल्यावर शांत जागी गोंगाट कळत होता. पण या गोष्टीचं उत्तरही सिनॅडमध्ये नाही. व्हॉल्यूम खाली असताना रिसीव्हरच्या टर्मिनलवर किती मायक्रोव्होल्ट गोंगाट उरतो, हा आकडा पाहावा लागतो.

म्हणजे मोजावं, पण कानाला लागू पडणारं मोजावं. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ असते: 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल चालू. वर ठळक छापलेले दीडशे वॅट या ओळीमुळे निघालेले असतात. 10 टक्के म्हणजे लाटांची टोकं कापली गेलेली. हे कोणालाही ऐकू येतं. अशाच बनवाबनवीमुळे अमेरिकेत 1974 साली ॲम्प्लिफायरच्या वॅटसाठी सरकारला नियम करावा लागला. आपल्याकडच्या ‘पीएमपीओ’च्या, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीच्या, हजारो वॅटबद्दल तर बोलायलाच नको. आता 80 वॅटऐवजी 100 घेतले तर वाढतो जेमतेम 1 डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. 87 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर सहा-सात फुटांवरून सरासरी 75 डेसिबलला ऐकला, तर रिसीव्हर पाव वॅटच्या आसपास काम करत असतो. पडद्यावर स्फोट झाला आणि आवाज 20 डेसिबलने उसळला, की त्या क्षणी शंभरपट, म्हणजे 25 वॅट लागतात, तेही पाचही चॅनलवर एकदम आणि कदाचित 4 ओहमच्या स्पीकरवर. तिथे रिसीव्हर टिकतो की दम टाकतो, हा फरक मोजताही येतो आणि ऐकूही येतो.

त्याहून मोठा फरक भिंती करतात. परळ-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची; पुनर्विकासात तिथे 500 चौरस फुटांचा फ्लॅट मिळतो, पण त्यातला हॉलही काही थिएटर नव्हे. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर 56 हर्ट्झच्या आसपास खर्ज घुमतो: भिंतीला टेकून बसलेल्याला दणदणीत, मधोमध बसलेल्याला गायब. खोलीची लांबी-रुंदी सारखीच असेल तर दोन्ही दिशांचे घुमारे एकाच फ्रीक्वेन्सीवर साठतात. हा फरक 15-20 डेसिबलचाही असू शकतो, आणि दोन चांगल्या रिसीव्हरांच्या फ्रीक्वेन्सी आलेखांत अर्ध्या डेसिबलचाही नसतो. 80 सिनॅडचा रिसीव्हर टाकून 100 चा आणायला लागणारे पैसे म्हणूनच जाड पडद्यावर, गालिच्यावर, जरा बऱ्या स्पीकरवर किंवा खोलीनुसार खर्ज सावरणाऱ्या चांगल्या प्रणालीवर लावावेत. ‘चांगल्या मोजमापाचा रिसीव्हर हा काळजीपूर्वक केलेल्या इंजिनिअरिंगचा पुरावा नाही का?’ असं कोणी विचारेल. आहे, आणि किंमत सारखीच असेल तर तोच घ्यावा. पण विक्रेत्याला आधी विचारावं की पाचही चॅनल चालू असताना 8 आणि 4 ओहमवर किती वॅट मिळतात. सबवूफर कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ठेवायचा की सोफ्यामागे, हे घरी मायक्रोफोन लावून ठरवावं; रात्री दहानंतर तो किती वाजवायचा, हे भिंतीपलीकडचे शेजारी ठरवतीलच.