प्राध्यापक आणि दरोडेखोर

घोडा, बंदूक आणि रुंद काठाची टोपी एवढ्याच सामग्रीवर उभ्या राहिलेल्या चित्रपटांविषयीं या पानावर लिहावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. एका निवृत्त शाळामास्तरानें उतारवयांत हा कसला नाद लावून घेतला, असेंही कोणी म्हणेल. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, हा नाद आम्हांस आमच्या भाच्यानें लावला, आणि त्याचा पश्चात्ताप आम्हांस होत नाहीं.

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील गोष्टी इटालियन दिग्दर्शकांनीं सांगावयाच्या, आणि त्यांचें बरेंचसें चित्रण स्पेनमधील आल्मेरिया प्रांताच्या उजाड माळावर करावयाचें, असा हा प्रकार आहे. इटलींतील शेवयांवरून इंग्रजी बोलणाऱ्यांनीं त्यास 'स्पॅगेटी वेस्टर्न' असें थट्टेचें नांव दिलें. जपानी लोक 'मॅकरोनी वेस्टर्न' म्हणूं लागले. १९६४ सालीं सर्जिओ लिओने यांच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' या चित्रपटास अलोट यश मिळालें, आणि पुढील दहा-बारा वर्षांत असे शेंकडों चित्रपट निघाले. त्या पहिल्या यशस्वी चित्रपटाचें कथानकही उसनेंच होतें. तें अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ सालच्या 'योजिंबो' या जपानी चित्रपटावरून घेतलेलें, आणि त्याबद्दल पुढें भरपाईही द्यावी लागली. ज्या वाचकांनीं १९७५ सालचा 'शोले' पाहिला आहे, त्यांनीं या वृक्षाची एक फांदी पाहिलीच आहे.

लिओने यांची कीर्ति जगभर झाली, आणि तिच्या सावलींत कांहीं चांगलीं झाडें लोकांच्या नजरेआड राहिलीं. असल्याच दोन चित्रपटांवरून गेल्या पंधरवड्यांत आमच्या ओटीवर जो वाद झाला, तो येथें देत आहों.

पहिला चित्रपट सर्जिओ कोर्बुची यांचा 'द ग्रेट सायलेन्स', सन १९६८. हा भाच्याचा आवडता. येथें ऊन नाहीं, वाळू नाहीं, जिकडेतिकडे बर्फ. चित्रण इटलीच्या उत्तरेकडील डोलोमाइट पर्वतांत झालें, कथा मात्र अमेरिकेंतील यूटाची. उपासमारीनें गांजलेले लोक डोंगरांत लपले आहेत, आणि त्यांच्या शिरांवर लावलेल्या बक्षिसासाठीं शिकारी त्यांस कायद्याच्या आश्रयानें टिपीत आहेत. नायकाचा गळा लहानपणींच चिरलेला, त्यामुळें तो मुका. ती भूमिका झां-लुई त्रँतिन्याँ या फ्रेंच नटानें केली. शिकाऱ्यांचा म्होरक्या झाले आहेत क्लाउस किन्स्की. शेवटीं नायक मरतो, त्याची प्रिया मरते, ओलीस धरलेले गरीब लोक मरतात, आणि म्होरक्या घोड्यावर बसून निघून जातो.

हा शेवट कांहीं देशांत चालणार नाहीं या भीतीनें दुसरा एक सुखान्त चित्रित करून ठेवला होता. त्यांत ऐन वेळीं शेरीफ येऊन सर्वांस वाचवितो. आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले, "हाच शेवट योग्य. आपल्या नाट्यशास्त्रानेंही रंगभूमीवर नायकाचा वध निषिद्ध मानला आहे." आम्हीं त्यांस भासाच्या नांवावरील 'ऊरुभंगा'ची आठवण करून दिली, तेथें दुर्योधन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. वाद वाढत चालला, तेव्हां आमचें कुटुंब चहा घेऊन बाहेर आलें. "त्या शेरीफाला यायचंच होतं," ती म्हणाली, "तर तो आधीं कां नाहीं आला?" यावर पोस्टमास्तरांपाशीं उत्तर नव्हतें.

त्यांचा दुसरा आक्षेप असा कीं, ओठ एक बोलतात आणि कानीं दुसरेंच येतें. तो रास्त आहे. या चित्रपटांत निरनिराळ्या देशांचे नट एकत्र येत. चित्रणाच्या वेळीं ज्यानें त्यानें आपापल्या भाषेंत बोलावें, आणि मागाहून सर्व संवाद नव्यानें भरावे, अशी वहिवाट होती. एन्निओ मोरिकोने यांचें संगीत दोन्ही चित्रपटांस आहे, आणि तें ही उणीव पुष्कळ भरून काढतें.

दुसरा चित्रपट सर्जिओ सोल्लिमा यांचा 'फेस टू फेस', सन १९६७. याचा कैवार आम्हीं घेतला, तो व्यवसायबंधुत्वामुळें. यांतील ब्रॅड फ्लेचर हा इतिहासाचा प्राध्यापक आहे. जान मारिया वोलोंते यांनीं तो उत्तम उभा केला आहे. क्षयानें पोखरलेला हा भिडस्त मनुष्य हवापालटासाठीं टेक्सासांत येतो, आणि बेनेट नांवाच्या जखमी दरोडेखोराच्या हातीं सांपडतो. प्रथम तो ओलीस, मग सोबती, आणि अखेर टोळीचा मेंदू होतो. दरोडेखोर जें रागाच्या किंवा गरजेच्या भरांत करी, तें हा प्राध्यापक पद्धतशीर करूं लागतो. पकडलेल्या माणसाचा छळ करतांनाही त्याच्यापाशीं सिद्धान्त तयार असतो. इकडे बेनेटचें मन उलट दिशेनें चालूं लागतें. शेवटीं वाळवंटांत प्राध्यापक एका जखमी गुप्तहेराचा जीव घ्यावयास निघतो, तेव्हां बेनेटच त्यास गोळी घालतो.

सोल्लिमा यांचा जन्म १९२१ चा. मुसोलिनी १९२२ सालीं सत्तेवर आला. शिकलेलीं माणसें हिंसेस तात्त्विक आधार कसा पुरवितात, हें त्यांनीं लहानपणापासून पाहिलें असलें पाहिजे.

भाचा म्हणाला, "मामा, एवढा विद्वान माणूस इतका क्रूर होईल, हें मला पटत नाहीं. तुम्हांला पटतं?"

आम्हीं लगेच उत्तर दिलें नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलानें शाळेच्या कपाटांतील इतिहासाचें पुस्तक न विचारतां घरीं नेलें. विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. आम्हीं त्यास मारलें नाहीं. छडीचा आम्हांस तिटकारा होता, आणि त्या तिटकाऱ्याचा अभिमानही होता. आम्हीं त्यास वर्गापुढें उभें करून, चोरी कशास म्हणावें, हें प्रश्नोत्तरांनीं सिद्ध केलें. प्रत्येक पायरीस त्याच्याच तोंडून 'होय' वदवून घेतलें. युक्तिवाद बिनतोड होता. वर्ग हंसला, आणि तास चांगला झाला असें आम्हांस वाटलें. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेंत आला नाहीं. पुस्तक तेवढें शिपायाच्या हातीं परत आलें. त्यास वर्तमानपत्राच्या कागदाचें वेष्टण नीट घातलेलें होतें.

"पटतं," एवढेंच आम्ही भाच्यास म्हणालों.

असो. जिज्ञासु वाचकांनीं हे दोन्ही चित्रपट अवश्य पाहावे; लहान मुलांस मात्र बरोबर बसवूं नये. तो मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत असेल. त्याचें घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें, आणि आम्ही तेथें गेलों नाहीं. आमच्या कुटुंबानें शेरीफाविषयीं विचारलेला प्रश्न त्या संध्याकाळपासून आम्हांसही छळीत आहे.