सुगंधी लिलींचा वाफा

लिलींचा नवा वाफा आखताना निवड केवळ रंगावरून केली, तर सुगंध बहुधा हातचा जातो. रोपवाटिकांमध्ये लिली म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक फुलांना वास नसतो. लाल-केशरी पट्ट्यांचे हिपिअॅस्ट्रम, पहिल्या सरींबरोबर येणारी गुलाबी रेन लिली, मे महिन्यातली लालभडक फुटबॉल लिली, बहुतेक डे लिली ही सगळी फुले पाहण्याची आहेत, हुंगण्याची नव्हेत. सुगंधी जाती वेगळ्या आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या, संध्याकाळी उमलणाऱ्या आहेत. यामागे परागीभवनाचे गणित आहे. या फुलांच्या लांब नळीतला मध पिण्यासाठी रात्री हिंडणारे पतंग येतात. अंधारात लाल-जांभळा रंग दिसत नाही. पांढरा दिसतो आणि वास दुरून कळतो. म्हणून फूल दिवस मावळल्यावर गंध सोडते. दुपारी रोपवाटिकेत जाऊन फूल हुंगणाऱ्याला निशिगंधाचा किंवा स्पायडर लिलीचा खरा वास कळतच नाही.

दुसरा प्रश्न हवामानाचा. लिलियम या वंशातल्या खऱ्या लिली उत्तर गोलार्धातल्या थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतल्या. भारतात त्या हिमालयात, ईशान्येकडच्या डोंगरांत आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या उंच गवताळ उतारांवर आढळतात. निलगिरीची पांढरी, लांब कर्ण्याची लिली सुगंधी आहे. मणिपूरची फिकट गुलाबी शिरुई लिली फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिसंग्राहकाला १९४६ साली मिळाली. ती आज त्या राज्याचे राज्यफूल आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मात्र खरी लिली रानात उगवत नाही. इथल्या वाफ्यात ती पाहुणी म्हणून येते. कायमची वस्ती करतात त्या निशिगंध, स्पायडर लिली, सुदर्शन आणि सोनटक्का या वनस्पती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या वेगवेगळ्या कुळांतल्या असल्या, तरी बागेतले त्यांचे काम एकच.

वाफ्याची जागा

सुगंधी वाफा फाटकाशी नको, बसण्याच्या जागेशी हवा: पडवी, ओटा, गच्चीवरची बैठक किंवा झोपण्याच्या खोलीची खिडकी यांच्याजवळ. वाऱ्याची दिशाही पाहावी. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. वाफा त्या बाजूला असेल तर सुवास घरात येतो. पूर्वेला असला तर तो शेजारच्या आवारात जातो. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर थोडी सावली मिळणारी जागा उत्तम. भिंतीला अगदी लागून वाफा केल्यास उन्हाळ्यात तापलेल्या भिंतीची झळ कंदांना बसते, म्हणून किमान एक फूट अंतर सोडावे.

कंद मरतात ते बहुधा पाण्याअभावी नव्हे, पाणी साचल्यामुळे. पुणे, नगर, सोलापूर या भागांतल्या काळ्या चिकणमातीत पावसाळ्यात कंद कुजतात. तिथे वाफा जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच करावा आणि मातीत जाडसर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. कोकणातल्या जांभ्या मातीत निचरा असतो, पण ओलावा आणि अन्नांश टिकत नाहीत. तिथे भरपूर पालापाचोळ्याचे खत लागते. दोन्हीकडे लागवडीआधी फूटभर खोल खणून, माती आठवडाभर उन्हात तापवून, दर चौरस मीटरला दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. अर्धवट कुजलेले खत कंदाला टेकले की बुरशी धरते.

खरी लिली

बाजारात मिळणाऱ्या लिलियमच्या संकरित जातींमध्ये सुगंधाच्या दृष्टीने फार फरक आहे. एशियाटिक गटातल्या लिली पिवळ्या, केशरी, लाल रंगांच्या, वाढवायला सोप्या, पण जवळपास बिनवासाच्या. ओरिएंटल गटातल्या लिलींचा वास उग्र गोड असतो. गुलाबी ‘स्टारगेझर’ आणि शुभ्र ‘कासा ब्लांका’ या त्यातल्या प्रसिद्ध जाती. ट्रम्पेट गटातल्या कर्णाकृती फुलांच्या लिलीही सुवासिक. ओरिएंटल आणि ट्रम्पेट यांच्या संकरातून आलेल्या ओटी लिली उंच वाढतात आणि त्यांचा सुगंध टिकतो. कंद घेताना पाकिटावरचा गट वाचला नाही, तर फूल भव्य पण निर्गंध मिळण्याची शक्यता असते.

ट्रम्पेट गटातली सर्वांत नावाजलेली रीगल लिली चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या मिन नदीच्या खोऱ्यातली. अर्नेस्ट विल्सन या इंग्रज संग्राहकाने ती पाश्चात्त्य बागांमध्ये आणली. १९१० साली अमेरिकेतल्या अर्नोल्ड आर्बोरेटमसाठी कंद गोळा करून परतताना दरड कोसळली आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. कॅमेऱ्याच्या तिपाईच्या फळ्या पायाला बांधून त्याला नेण्यात आले. पाय पुढे कायमचा अधू राहिला. त्या खोऱ्यात हिवाळा कडक, उन्हाळा कोरडा आणि पावसाचे प्रमाण बेताचे. त्यामुळे ही लिली लंडन, बॉस्टन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या अंगणात जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. नागपूर किंवा ठाण्यात ती टिकत नाही. लंडन-बॉस्टनकडे ती सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात आणि फुले उन्हाळ्यात येतात.

महाराष्ट्रात लिलियमची शेती पॉलिहाउसमध्ये होते आणि तिच्यासाठी लागणारे कंद प्रामुख्याने नेदरलँड्समधून, शीतपेटीतून येतात. कंदाला काही आठवडे थंडी मिळाल्याशिवाय फूल येत नाही; ही थंडी शीतगृहात आधीच दिलेली असते. घरच्या बागेत पुणे, नाशिक, पाचगणी, महाबळेश्वर या भागांत नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंद लावावेत. एशियाटिकला सुमारे अडीच-तीन महिन्यांत, ओरिएंटलला साडेतीन-चार महिन्यांत फुले येतात. मुंबई आणि किनारपट्टीवर रात्रीचा गारवा पुरत नाही. दांडे आखूड राहतात आणि कळ्या गळतात.

लिलियमच्या कंदाला कांद्यासारखे कोरडे आवरण नसते; खवले उघडेच असतात. म्हणून तो कोरडा पडू देऊ नये. आणल्याबरोबर लावावा. निवडताना कंद टणक आणि वजनदार हवा, खवले सुरकुतलेले किंवा मऊ पडलेले नकोत. व्यापारात कंदाचा आकार परिघावरून मोजतात. ओरिएंटलसाठी १६ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या परिघाचा कंद घ्यावा. कंदाच्या वर १० ते १५ सेंटिमीटर माती यावी इतका तो खोल लावावा, कारण अन्न शोषणारी बरीच मुळे कंदाच्या वर, दांड्याला फुटतात. दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर पुरते. फुलल्यावर पिवळे-तपकिरी परागकोश चिमटीने काढले तर कपड्यांवर डाग पडत नाहीत. ज्या घरात मांजर आहे तिथे लिलियम आणि डे लिली लावू नयेत, फुलदाणीतही ठेवू नयेत. पान, पराग किंवा फुलदाणीतले पाणी पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

निशिगंध

इथल्या सुगंधी वाफ्याचा कणा म्हणजे निशिगंध, म्हणजेच गुलछडी. मूळ मेक्सिकोची ही वनस्पती महाराष्ट्रात हारा-वेण्यांसाठी मोठ्या प्रमाणावर पिकते. एकेरी पाकळ्यांच्या जातींचा वास दुहेरी जातींपेक्षा तीव्र असतो. अत्तरासाठीही एकेरीच वापरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या एकेरी जाती बागेसाठी योग्य. त्याच संस्थेच्या ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ या भरगच्च पाकळ्यांच्या जाती फुलदाणीत शोभतात.

एप्रिल-मे हा लागवडीचा काळ. दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचे, तीन-चार आठवडे सावलीत विसावलेले कंद ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर लावावेत. लहान कंद पहिल्या वर्षी फक्त पाने देतात. जागा पूर्ण उन्हाची हवी. सावलीत पाने माजतात आणि दांडे येत नाहीत. फुले तीन-चार महिन्यांत सुरू होतात. एक कंद एकदाच फुलतो, पुढची फुले त्याच्या पिलांना येतात. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी गड्डे उपसून, मोठे कंद निवडून पुन्हा लावावे लागतात. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी दिसल्या तर त्या जागी एक हंगाम झेंडू घ्यावा आणि निशिगंधाची जागा बदलावी.

स्पायडर लिली, सुदर्शन आणि रानातले सोबती

दादरच्या फूलबाजारात लिली म्हणून ज्या पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या येतात, ती स्पायडर लिली. मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली असली, तरी सोसायट्यांच्या वाटांच्या कडेला ती सर्वत्र रुळली आहे. सहा अरुंद पाकळ्या आणि मध्ये पातळ पडद्याची वाटी असलेले हे फूल रात्री मंद सुगंध देते. ती ऊन, अर्धी सावली, साचलेले पाणी आणि दुर्लक्ष हे सगळे सोसते. लागवड जूनमध्ये, ४५ सेंटिमीटर अंतरावर करावी.

सुदर्शन, ज्याला नागदवणा असेही म्हणतात, हे मोठे झुडुपासारखे वाढते. त्याला एकेक मीटर जागा लागते आणि कंदाचा मानेसारखा भाग मातीच्या वर ठेवावा लागतो. खारा वारा त्याला बाधत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या बागांना ते विशेष योग्य. सुदर्शन आणि स्पायडर लिली या दोन्हींचे कंद खाण्यात आल्यास विषारी असतात. लहान मुले आणि गुरे यांच्यापासून ते जपावेत.

सुदर्शनाचे काही भाऊबंद सह्याद्रीत रानात फुलतात. त्यातल्या एकाला पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक लिहिणारे जी. एम. वुड्रो यांचे नाव मिळाले. ती जाती महाबळेश्वर परिसरातच आढळते. पहिल्या पावसाबरोबर माळावर उमलणारी पँक्रेशियमची पांढरी फुलेही सुवासिक. ही झाडे दुर्मिळ होत चालली आहेत. बागेसाठी रानातून कंद उपटून आणणे सर्वथा टाळावे.

सोनटक्का आणि सावलीतला कोपरा

बागेत सावलीचा, ओलसर कोपरा असेल तर तो सोनटक्क्याचा. हा लिलीचा नव्हे, आल्याचा नातेवाईक. इंग्रजीतले त्याचे नाव जिंजर लिली. पूर्व हिमालयाच्या बाजूचे हे झाड कोकण-गोव्यात परसदारी, न्हाणीच्या पाण्यावर पूर्वापार वाढत आले आहे. क्यूबाने त्याला राष्ट्रीय फूल मानले आहे. मे-जूनमध्ये डोळे वर राहतील असे गड्डे ५ सेंटिमीटर खोल, अर्धा मीटर अंतरावर लावावेत. जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी ताजी फुले उमलतात. फुललेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो बुडापासून कापला की नवे कोंब जोमाने येतात. गडद सावलीत, विशेषतः कुंडीत, युकॅरिस म्हणजे अॅमेझॉन लिलीही सुगंधी पांढरी फुले देते.

मांडणी आणि निगा

चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद वाफ्यासाठी पुढील मांडणी सोयीची. मागच्या ओळीत उन्हाच्या अर्ध्या भागात सुदर्शनाचे दोन आणि सावलीच्या अर्ध्या भागात सोनटक्क्याचे चार गड्डे. मधल्या ओळीत स्पायडर लिलीचे आठ कंद. पुढे, जिथे ऊन सर्वांत जास्त पडते तिथे, निशिगंधाचे सुमारे ३० कंद दोन ओळींत. त्याची पाने बुटकी आणि दांडे बारीक असल्याने मागचे काही झाकले जात नाही. लिलियम लावायचीच असेल तर आठ-दहा इंची खोल कुंड्यांत लावून, फुलण्याच्या दिवसांत कुंड्या वाफ्यात मांडाव्यात. अशा वाफ्यात उन्हाळा-पावसाळ्यात स्पायडर लिली आणि सुदर्शन, पावसाळ्यात सोनटक्का, पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत निशिगंध आणि जानेवारी ते मार्चमध्ये लिलियम असा सुवास जवळपास वर्षभर मिळतो.

निगा फारशी नाही. पावसाळ्यात स्पायडर लिली आणि सुदर्शनाच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या झुंडीने येतात आणि दोन-तीन दिवसांत पान फस्त करतात. सकाळी त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. कंद शाबूत असतो, पाने पुन्हा फुटतात. दर महिन्याला गांडूळखताची ओंजळ पुरते. नत्र जास्त झाले की पाने वाढतात आणि फुले घटतात. फुले ओसरल्यावर पाने हिरवी असेपर्यंत कापू नयेत, कारण पुढच्या हंगामाचे अन्न तीच कंदात साठवतात.

पहिल्याच वर्षी सगळे लावण्याइतका खर्च करायचा नसेल, तर क्रम असा ठेवावा: आधी एकेरी निशिगंध, मग सोनटक्का आणि स्पायडर लिली, जागा उरल्यास सुदर्शन, आणि सर्वांत शेवटी लिलियम. पहिल्या तिन्ही स्थानिक रोपवाटिकेत किंवा ओळखीच्या परसात सहज मिळतात, स्वस्त पडतात आणि दरवर्षी वाढत जातात. लिलियमचे कंद मात्र मैदानी भागात एका हंगामाचे, हे धरूनच विकत घ्यावेत.