उल्लेखनीय कोणाला म्हणावे?

आमच्या तालुक्याच्या गावी एक चित्रकार होऊन गेले. शाळेत चित्रकला शिकवावी आणि सुट्टीत हौशी मंडळींच्या नाटकांचे पडदे रंगवावेत, असा त्यांचा आयुष्यक्रम. त्यांच्या एका विद्यार्थ्याने मराठी विकिपीडियासाठी त्यांच्यावर लेख लिहिला आणि तो ठेवण्याजोगा आहे का, असे आम्हांस विचारले. सोबत कात्रणांची जाडजूड फाइल होती. ती दोन संध्याकाळ वाचून आम्ही 'तूर्त नको' असे कळवले. उत्तर त्याला लागले. आम्हांलाही ते सुखासुखी देता आले नव्हते.

विकिपीडियाची कसोटी तशी सरळ आहे. विषयाशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली असावी, एवढेच ती मागते. चित्रे चांगली की वाईट, हा प्रश्न ती विचारीतच नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्यासारखे संपादक चरित्रकोशाचा दृश्यकला खंड सिद्ध करतात तेव्हा निवडीची जबाबदारी त्यांच्या नावावर असते. वाचक त्यांच्याशी भांडू शकतो. जिथे कोणीही येऊन लिहावे आणि कोणीही खोडावे, तिथे असा जबाबदार रसिक आणायचा कुठून? म्हणून छापील पुराव्याचा आग्रह. तो आम्हांला मान्य आहे. तो सैल केला की चित्रकारांआधी नगरसेवकांचे पुतणे आत येतील!

पण मग त्या फाइलमध्ये होते तरी काय? प्रदर्शनाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, दीपप्रज्वलनास कोण मान्यवर होते, आभार कोणी मानले. शाल आणि श्रीफळ तर पानोपानी. शाळेच्या स्मरणिकेत एक लेख होता, तोही त्यांच्या भाच्याचा. पडद्यावरचा राजवाडा त्यांनी कसा उभा केला, मागच्या रांगेतून तो खरा वाटावा म्हणून रंग कसे चढवले, यावर एक ओळ नाही. आम्ही स्वतः त्यांच्या प्रदर्शनाला गेलो होतो; अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम' असे लिहून चहा पिऊन परतलो. तेव्हा पुरावा नाही ही त्यांची उणीव नव्हे, आमची आहे.

वारली चित्रांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाष्णींचा. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोहोचले, चित्रे शहरात आली, प्रदर्शने भरली. १९८८मध्ये यशोधरा दालमिया यांचे पुस्तक आले. जिव्या सोमा म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या थोरवीविषयी शंका नाही, आणि त्यांच्यावरील नोंदीला आज कोणी हरकत घेणार नाही. परंतु भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बहुतेक बायांची नावे कोणी टिपलीच नाहीत. कोश त्यांना वगळतो असेही म्हणता येत नाही; त्या त्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत.

मग तोंडी साक्ष पुरावा म्हणून का चालू नये? अचल प्रभला यांनी २०११च्या सुमारास भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत हा प्रयोग करून पाहिला होता. आम्हांला तो मोलाचा वाटतो. मात्र ती साक्ष ध्वनिमुद्रित व्हावी, तारीखवार जपली जावी आणि आधी अन्यत्र प्रसिद्ध व्हावी. कोशाच्या पानावरच तिचा जन्म होऊ नये.

विद्यार्थ्याला आम्ही हेच लिहिले. त्याच्या उत्तरावरून कळले, की चार पडदे अजून शाळेच्या माळ्यावर गुंडाळून पडले आहेत आणि त्यांतल्या दोहोंना वाळवी लागली आहे. पावसाळ्यापूर्वी ते खाली उतरवून मापे घ्यायची, छायाचित्रे काढायची आणि त्या वेळच्या नाटकमंडळीतले जे दोघे-तिघे हयात आहेत त्यांना पडद्यांसमोर बसवून बोलते करायचे, असे ठरले आहे. शिडी शाळाच देणार आहे.