धुऱ्यावरचा तरवड यंदा राहू द्या



सोयाबीनची उगवणक्षमता आणि बीजप्रक्रियेचे मेसेज तुम्हाला या आठवड्यात येतीलच. आजचा मेसेज जरा वेगळा आहे. यात औषधाचा डोस नाही, माझं मत आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर मीटिंगमध्ये येऊन भांडा.

सध्या किन्हीराजाच्या शिवारात संध्याकाळी कुठंही पाहा, धुरे पेटलेले दिसतात. ज्यांनी पेटवले नाहीत त्यांनी पावसाळ्यात तणनाशक मारायचं ठरवलं आहे. त्यात गवतासोबत तरवडही जातो. तोच तो, नवरात्रात बऱ्याच घरी ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ घटावर चढते.

दोन वर्षांपूर्वी मीच एका काकांना धुऱ्यावर तणनाशक मारायला सांगितलं होतं. धुरा स्वच्छ असला की किडीला आसरा राहत नाही, असं पदविकेला शिकले होते, तेच सांगितलं. काका खूश. "पाहा मॅडम, धुरा कसा चकाचक झाला." जुलैत एका रात्री जोराचा पाऊस आला आणि धुरा तिथंच फुटला. वरच्या वावराचं पाणी खालच्या तुरीत शिरलं, तीन-चार तासं मातीसकट गेली. त्याच धुऱ्याच्या टोकाला पंप पोचला नव्हता. तिथं तरवडाची चार झुडपं उभी होती, तेवढा तुकडा जागेवर राहिला. एका धुऱ्यावरून मी नियम सांगत नाही, तिथला उतारही थोडा कमी होता. पण काका मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तरवडाला काही लागत नाही. मुरमाड, बरड जमिनीत वाढतो, मूळ खोल जातं, उन्हाळ्यात पाण्याशिवाय हिरवा राहतो. गुरंढोरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नको. काळ्या जमिनीत जिथं पाणी साचतं तिथं मात्र लावू नका, जगणार नाही.

आता फायद्याचं खरं-खोटं. शेंगेचं झाड आहे म्हणून नत्र देईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, याच्या मुळावर गाठी येत नाहीत. पाला खत म्हणून टाकता येतो, तेवढंच. फुलात मध नसतो, फक्त पराग, तोही टोकाला छिद्र असलेल्या परागकोशात बंद. मोठा काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, त्या थरथरीनं पराग बाहेर पडतो. वांग्याच्या फुलाची रचनाही अशीच आहे. वांगी लावणाऱ्यांना हाच भुंगा कामाचा, आणि तो तुरीच्या फुलावरही येतो. तूर बरीचशी स्वतःच फळते, त्यामुळे तरवडानं तुरीचा उतारा दुप्पट होईल असं मी म्हणणार नाही. पण वांगी, तूर फुलावर नसतात त्या महिन्यांतही भुंग्याला शिवारात काहीतरी खायला हवं.

काही जण तरवडाला तरोटा समजून काढतात. तरोटा पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळतो, शेंगा बारीक आणि लांब, तो फुलाआधी खुशाल कापा. तरवड वर्षानुवर्षं राहतो, खोड लाकडी, शेंग चपटी आणि कागदासारखी. पानावर हिरव्या अळ्या दिसल्या तर घाबरून फवारू नका. बहुतेक वेळा त्या पांढऱ्या-पिवळसर फुलपाखराच्या असतात, तुमच्या सोयाबीनवर जात नाहीत.

नवीन लावायचा असेल तर झाड उपटून आणू नका, सोटमूळ तुटलं की मरतं. वाळलेल्या तपकिरी शेंगा आत्ताच गोळा करा. बियांचं कवच कडक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच थंड होऊ द्या. मृगाचा पाऊस पडला की धुऱ्यावर ३ फुटांवर दोन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टोका. पहिलं वर्ष फक्त आग आणि फवारा लांब ठेवा. पुढं दर उन्हाळ्यात शेंगा उतरल्यावर गुडघ्याएवढा छाटा, पावसात पुन्हा फुटतो आणि पिकावर सावली पडत नाही.

शेजारच्या तेलंगणानं हेच आपलं राज्यफूल केलंय, तिकडं बतुकम्मा याच फुलांनी सजते. आपण त्यावर काडी टाकतो.

आपल्याच केंद्रात तणनाशकाचे डबे विकायला आहेत, हे तुम्ही म्हणाल. आहेत. पिकातल्या तणासाठी शिफारस असेल तिथं मीच लिहून देते. धुऱ्यासाठी विचाराल तर यंदापासून नाही म्हणणार आहे, आणि हे मी संचालकांनाही सांगितलं आहे.

एक अडचण खरी आहे. धुरा दोघांचा असतो, शेजाऱ्याला न विचारता काही करू नका. तसा नांगराच्या फाळानं दरवर्षी वीतभर सरकणारा धुरा तरवडाची रांग असली की सरकत नाही, त्यामुळे काही शेजारी नाही म्हणतील ते वेगळ्या कारणानं.

ज्यांच्या वावरात तरवड आहे त्यांनी दोन मुठी शेंगा येत्या सोमवारी केंद्रावर आणून द्या. ज्यांना बी पाहिजे त्यांनी याच नंबरवर 'तरवड' लिहून पाठवा, सोबत धुऱ्याची लांबी लिहा.