डाव्या बाजूला एक चमचा

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत ताप-खोकल्याच्या खालोखाल ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘डॉक्टर, हा काही खातच नाही.’ मूल दोन ते पाच वर्षांचं असतं, आईच्या कडेवरून स्टेथोस्कोपला हात घालत असतं आणि वजन केलं तर बऱ्याचदा वयाला साजेसं भरतं. मग विचारावं लागतं, काल दिवसभरात काय काय पोटात गेलं? सकाळी बाटलीभर दूध, दोन बिस्किटं, अकरा वाजता पाच रुपयांचं पाकीट, दुपारी चार घास वरण-भात, उठल्यावर चहा-बिस्किट, रात्री मोबाइल लावून अर्धी पोळी आणि झोपताना पुन्हा दुधाची बाटली. म्हणजे मूल खातं आहे. फक्त त्याला भूक लागायला सवडच मिळत नाही आणि जे पोटात जातं त्यात भाजी, उसळ, फळ, अंडं यांतलं काही नसतं.

काळजी करायची ती या दुसऱ्या गोष्टीची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षं वयाची देशातली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. महाराष्ट्राचा आकडा ६९ टक्क्यांच्या जवळ आहे. गरिबी, जंत, आईचाच रक्तक्षय ही कारणं आहेतच. पण मेथी, मटकी आणि अंडी आणायची ऐपत असलेल्या घरांतली मुलंही या आकड्यांत आहेत. दुधात लोह जवळजवळ नसतं, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात बाकी अन्नाला जागा उरत नाही. लोह कमी झालं की भूक मंदावते. भूक मंदावली की घरचे घाबरून आणखी दूध पाजतात. मग कुणीतरी ‘भुकेचं औषध’ लिहून द्या म्हणतं. अशा नावाने मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत गुंगी आणणारं ॲलर्जीवरचं औषध असतं. मूल सुस्तावतं, चार घास जास्त खातं आणि औषध थांबलं की पुन्हा पहिल्यासारखं.

दुसऱ्या वर्षापासून भूक कमी होणं हे मुळात वाढीचंच लक्षण आहे. जन्माच्या वेळी तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ वर्षभरात तिप्पट होतं. त्यानंतर मात्र ते वर्षाला दोन-अडीच किलोनेच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच वयात अनोळखी अन्नाबद्दल संशय येतो आणि तो साधारण दोन ते सहा या वर्षांत सर्वांत जास्त असतो. चालायला लागलेल्या पोराने दिसेल तो पाला तोंडात घालू नये, यासाठीची ही निसर्गाची तरतूद असावी असं मानतात. गोडाची ओढ जन्मजात, कडूचा तिटकाराही जन्मजात. तेव्हा मेथी पाहून तोंड फिरवणाऱ्या मुलाला हट्टी म्हणण्याआधी थोडं थांबावं.

हा संशय ओळखीने जातो. लीअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळं आणि चीज कमी-जास्त वेळा चाखायला दिली होती. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो मुलांनी पुढे जास्त वेळा निवडला. त्यानंतरच्या अभ्यासांतून साधारण आठ ते पंधरा वेळा हा अंदाज पुढे आला. आपल्याकडे काय होतं? दुधी तीनदा करून बघितला, तिन्ही वेळा थुंकला, की ‘त्याला दुधी आवडत नाही’ असा शिक्का बसतो. तो मुलाच्या कानावरही पडतो आणि मग मूल इमानेइतबारे तो शिक्का सांभाळतं.

पंधरा वेळा दुधी करायचा आणि पंधरा वेळा फेकायचा, हे कुठल्याच गृहिणीला परवडणार नाही. यावरची सोय आपल्या जुन्या पानातच आहे. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं वाढतात. प्रमाण चमचाभर. खाल्लं तर खाल्लं, नाही तर कुणी विचारत नाही. मुलाच्या ताटातली नवी भाजी तिथे वाढावी, घरात जी शिजली आहे तीच, एक चमचा. उजव्या बाजूला त्याच्या ओळखीचा वरण-भात किंवा पोळी असू द्यावी, म्हणजे ताट बघून ते बिथरत नाही. त्याने भाजीला बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावून परत ठेवली, तरी ती ओळखच. ‘पानात टाकायचं नाही’ हा आपला संस्कार मोलाचा आहे, पण तो पाळायचा तर वाढणाऱ्याने हात आखडावा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी एकेका पदार्थाचे दोन-तीन चमचे पुरतात. मोठ्यांच्या मापाने वाढून मग ‘संपव’ म्हणत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि जाता जाता, त्याच डाव्या बाजूची लिंबाची फोड उसळीवर पिळली तर उसळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

जबरदस्ती आणि लालूच या दोन्हींनी उलटा परिणाम होतो. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या वाक्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सोपी करून दिली आहे. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आज्यांना हे पटत नाही. ‘उपाशी राहील की लेकरू!’ वजन नीट असलेलं मूल एका जेवणाने उपाशी मरत नाही. पुढचं खाणं दोन-तीन तासांनी येणारच असतं, मध्ये फक्त पाणी द्यावं. वजन कमी असलेल्या किंवा आजारातून उठलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला शेजारी बसून, गोडीने भरवावंच लागतं.

आता थोडं मोठ्यांबद्दल. मूल खायला शिकतं ते दुसऱ्याला खाताना बघून. आपल्या घरांत त्याला ते दिसतं का? संध्याकाळी सातला त्याला एकट्याला भरवतात, समोर मोबाइल. वडील साडेनऊला येतात, टीव्हीसमोर जेवतात. आई सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं, बहुतेकदा ओट्यापाशी उभ्याने. ज्या बाईने मेथी निवडली, शिजवली, वाढली, तिला ती मेथी खाताना मुलाने कधी पाहिलेलंच नसतं! वडिलांच्या ताटात कारलं, शेपू, पडवळ वाढायचंच नाही असा अलिखित नियम असतो, आणि मुलाने मात्र सगळ्या भाज्या खाव्यात अशी अपेक्षा. मुलाच्या आहाराची तक्रार घेऊन येणाऱ्या वडिलांना मी शेवटची पालेभाजी केव्हा खाल्लीत असं विचारतो. बहुतेक जण बायकोकडे बघतात.

रोज एकत्र जेवणं शक्य नाही हे मान्य आहे. शिफ्ट, लोकल, दुकान, शेत, कुणाच्या वेळा कुणाशी जुळत नाहीत. पण दिवसातलं एक खाणं, ते नाही तर आठवड्यातली तीन, सगळ्यांनी एकाच वेळी बसून करावीत. सकाळची चहा-पोळीसुद्धा चालेल. चहा मोठ्यांचा, मुलाला पोळी. भाकरी-भाजी मधोमध ठेवावी, आईनेही त्याच वेळी बसावं आणि लागेल ते ज्याने त्याने उठून घ्यावं. मोबाइल दुसऱ्या खोलीत, खोली एकच असेल तर फळीवर. स्क्रीनकडे बघत गिळणाऱ्या मुलाला चवही कळत नाही आणि पोट भरलेलंही कळत नाही. त्याच्या खाण्याबद्दल त्या वेळी चकार शब्द काढू नये, कौतुकाचाही नाही. शेंगा सोलणं, कोथिंबीर निवडणं, काकडी पुसणं अशी कामं आधी त्याच्याकडून करून घेतली तर ताटात ती वस्तू ओळखीची निघते. दूध दिवसाला दोन कप पुरे, तेही पेल्यातून आणि जेवणानंतर.

मिक्सरबद्दलही सांगायला हवं. सगळं वाटून, गाळून भरवायची पद्धत लांबली की मुलाला चावायची सवयच लागत नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून हाताने कुस्करलेलं, थोडं गुठळीचं अन्न द्यावं आणि वर्षाचं झाल्यावर घरचंच, तिखट कमी करून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं मात्र लहानांना देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात.

काही मुलांची अडचण डाव्या बाजूच्या चमच्याने सुटणारी नसते. वजन दोन-तीन महिने वाढत नसेल, मूल फिकट दिसत असेल, माती, खडू किंवा भिंतीचा चुना खात असेल, प्रत्येक घासाला ठसका किंवा उलटी होत असेल, दीड-दोन वर्षांचं होऊनही पातळच गिळत असेल, किंवा मोजून पाच-सहा पदार्थांपलीकडे जात नसेल आणि सोबत बोलणंही उशिरा असेल, तर वाट पाहू नये. वजनाची नोंद अंगणवाडीत दरमहा होते आणि हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आशा कार्यकर्तीकडून मिळणारं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एकेक मिलिलिटर द्यायचं असतं. त्याने शी काळी होते म्हणून अनेक घरांत बाटली तशीच पडून राहते. काळी शी हा त्या लोहाचाच परिणाम आहे, बाटली संपवावी.